गिअरबॉक्सची मूठ

जुन्या गाड्यांना नवी ताकद देणाऱ्या अमेरिकी गॅरेजांमध्ये एक प्रसंग गेली चाळीसेक वर्षं पुन्हा पुन्हा घडतो आहे. सत्तरच्या दशकातली शेव्हर्ले, तिच्यात नव्याने बांधलेलं व्ही-८ इंजिन, त्यावर होलीचा मोठा कार्बोरेटर आणि मागे जनरल मोटर्सचा ‘७००आर४’ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडी सुरू होते, गिअर एकामागून एक पडतात, मालक खूश होतो. मोकळा रस्ता दिसताच तो पेडल खालपर्यंत दाबतो. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिनचा आवाज चढत जातो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. थोड्याच वेळात करपल्यासारखा वास येतो. डिपस्टिक काढून पाहावी तर सकाळी लालभडक असलेलं तेल तपकिरी झालेलं असतं. गिअरबॉक्स उघडला की तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेटा काळ्या पडलेल्या दिसतात.

गिअर तुटलेला नसतो, शाफ्ट पिळलेला नसतो, बेअरिंगही ठीक असतं. बहुतेक वेळा गुन्हेगार असते ती कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत गेलेली एक बारीक केबल. तिला ‘टीव्ही केबल’ म्हणतात. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. ओव्हरटेक करताना खालचा गिअर पाडणारी ही साधी किकडाउनची तार आहे, अशी अनेकांची समजूत असते. म्हणून ती ‘नंतर बघू’ म्हणत सैल सोडली जाते. या गिअरबॉक्सचं नाव अशा घटनांमुळे फार खराब झालं. १९८२ साली आलेल्या सुरुवातीच्या ७००आर४ मध्ये खऱ्या उणिवाही होत्या आणि पुढच्या काही वर्षांत त्या बऱ्याच दूर झाल्या. पण सैल केबलने जळालेल्या क्लचचा दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. इंजिन किती जोर लावतं आहे हे त्या केबलने सांगायचं असतं. ते कळलंच नाही, तर गिअरबॉक्स पुरेशी पकड घेणार कशी?

ही पकड तेलाच्या दाबाने येते. या दाबाला म्हणतात लाइन प्रेशर.

हाताने बदलायच्या गिअरबॉक्समध्ये चालक क्लच दाबतो, दांडा हलवतो आणि गिअर सरकून जागेवर बसतो. ऑटोमॅटिकमध्ये गिअर सरकतच नाहीत. मधलं सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं आणि बाहेरची दातेरी कडी असा संच कायम एकमेकांत अडकलेला असतो. यातला कोणता भाग इंजिनला जोडायचा आणि कोणता जखडून ठेवायचा, यावर गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे ठरतं. जोडण्याचं काम ओल्या क्लच प्लेटांच्या चळती करतात. जखडण्याचं काम अशाच चळती किंवा ड्रमभोवती आवळणारे पोलादी पट्टे करतात. प्लेटा दाबायला किंवा पट्टा आवळायला पिस्टन असतो आणि पिस्टनच्या मागे तेल.

हे तेल ढकलणारा पंप इंजिनच्या गतीनेच फिरतो. त्याच्यापुढे प्रेशर रेग्युलेटर नावाचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. एका बाजूने स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूने तेल, यांच्या रेटारेटीत तो मुख्य वाहिनीतला दाब ठरवतो. दाब वाढला की व्हॉल्व्ह सरकतो आणि जास्तीच्या तेलाला वाट करून देतो. स्प्रिंगच्या बाजूला आणखी एक छोटा बूस्ट व्हॉल्व्ह असतो. इंजिनवरचा भार वाढला की तो स्प्रिंगच्या मदतीला येतो आणि मुख्य दाब वर चढतो. त्या केबलचा संबंध येतो तो इथे.

आकडे पाहिले की मामला स्पष्ट होतो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये हवा भरतो ती साधारण ३२ पीएसआय. जनरल मोटर्सच्या ‘टर्बो हायड्रामॅटिक ४००’ या गाजलेल्या गिअरबॉक्समध्ये गाडी ‘डी’मध्ये उभी असताना लाइन प्रेशर साधारण ६० ते ७० पीएसआय असतं. पेडल पूर्ण दाबलं की ते दीडशेच्या आसपास जातं आणि रिव्हर्समध्ये दोनशेच्याही पुढे. क्लचच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरू. ६० पीएसआय दाबाला हा पिस्टन प्लेटांवर सुमारे ४२० किलोचा जोर देतो. १५० पीएसआयला तोच जोर हजार किलोच्या वर जातो. पिस्टन तोच, प्लेटाही त्याच, पण पकड अडीचपट.

ही पकड कमी पडली तर काय होतं, हे विहिरीवर पाणी शेंदणाऱ्याला सांगावं लागत नाही: भरलेल्या घागरीचा दोर सैल मुठीतून सुटला की तळहात सोलून निघतो. क्लच प्लेटांचंही तसंच होतं. प्लेटा एकमेकींवर घसरतात, इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचण्याऐवजी तिथेच उष्णता होऊन बाहेर पडते आणि प्लेटांवरचा कागदासारखा घर्षणाचा थर करपतो. त्यातून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला टॉर्क कन्व्हर्टर गाडी जागेवरून निघताना इंजिनचं पीळबळ जवळजवळ दुप्पट करून पुढे देतो. म्हणजे इंजिनच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा हा क्लचवर येणारा खरा भार नव्हे. पहिल्या झटक्यात क्लचला त्याहून खूप जास्त पेलावं लागतं.

मग दाब कायम दोनशेवरच का ठेवू नये? वेगाच्या नादी लागलेल्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न येतो आणि अनेक जण तसं करूनही पाहतात. पण रहदारीत हळू चाललेल्या गाडीत इतक्या दाबाने क्लच लागला की मानेला हिसका बसेल असा गिअर पडतो. तो हिसका फक्त प्रवाशाला बसत नाही. शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट, मागचा ॲक्सल, सगळ्यांना तो सोसावा लागतो. पंपालाही जास्त राबावं लागतं. मिनिटाला ४० लिटर तेल २०० पीएसआयने ढकलायचं तर नुसत्या हिशेबानेच सव्वा अश्वशक्ती लागते आणि त्यातली बरीचशी तेल तापवण्यात जाते. पाचशे अश्वशक्तीच्या इंजिनला ती किरकोळ वाटेल, पण लांबच्या प्रवासात तासन् तास तापणारं तेल किरकोळ नाही. साधारण ११५ अंश सेल्सियसच्या पुढे तेलातून चिकट थर सुटू लागतो. तो व्हॉल्व्हवर बसतो आणि व्हॉल्व्ह अडकू लागतात. ७००आर४ मध्ये पात्यांचा पंप असतो. चढा दाब आणि चढे फेरे एकत्र आले की त्याची कडी आणि रोटर तडकल्याची उदाहरणं इतकी आहेत की, कडक केलेली कडी आणि रोटर हे तिथल्या जाणत्या कारागिरांच्या यादीत आधीच असतात.

थोडक्यात, दाब हवा तो त्या क्षणीच्या भाराइतका आणि वर थोडा राखीव. कारखान्यातल्या अभियंत्यांनी पाऊणशेहून अधिक वर्षं याच हिशेबावर डोकं चालवलं आहे.

जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ बाजारात आणला तो १९४० च्या ओल्ड्समोबील मॉडेलसाठी. मोठ्या संख्येने विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘एम५ स्टुअर्ट’ या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि त्यांना जोडलेले हायड्रामॅटिक होते. घरगुती गाडीसाठी बनवलेलं यंत्र चिखलात आणि गोळीबारात टिकलं, याचा कंपनीने जाहिरातीत मनसोक्त वापर केला आणि तो तिचा हक्कच होता.

१९६४ च्या मॉडेलांबरोबर आलेला ‘टर्बो ४००’ हा या घराण्यातला सगळ्यात दमदार वारस. त्याची ख्याती अशी की, रोल्स-रॉइस आणि जग्वार यांनी तो आपल्या गाड्यांत बसवला. १९७६ साली फेरारीने आपली पहिली ऑटोमॅटिक गाडी, ‘फेरारी ४००’, काढली तेव्हा इटालियन बारा सिलिंडरांच्या मागे हाच अमेरिकी गिअरबॉक्स होता.

टर्बो ४०० ला भार कळण्यासाठी केबल लागत नाही. त्याच्या बाजूला व्हॅक्युम मॉड्युलेटर नावाची डबी असते, आत रबरी पडदा असतो आणि तिथून एक नळी इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला जाते. पेट्रोल इंजिन रिकामं फिरत असताना मॅनिफोल्डमध्ये चांगली पोकळी असते, पाऱ्याचे १८ ते २० इंच. पेडल पूर्ण दाबलं की ती जवळपास शून्यावर येते. पोकळी कमी म्हणजे भार जास्त, असा साधा नियम. मॉड्युलेटर तेवढा दाब वाढवतो. समुद्रसपाटीपासून उंच गावांत हवाच विरळ असते आणि त्याने हा हिशेब चुकतो. म्हणून काही मॉड्युलेटरांत हवेच्या दाबाप्रमाणे फुगणारी-आकसणारी बंद डबी बसवलेली असे.

शर्यतीसाठी कॅमशाफ्ट बदलला की गंमत सुरू होते. अशा कॅमच्या इंजिनात रिकाम्या फेऱ्यांवरही पोकळी दहा इंचांच्या आसपासच राहते. गाडी सिग्नलला शांत उभी असली तरी मॉड्युलेटरला वाटतं, चढणीवर आहे. तो दाब चढवतो, ‘डी’ टाकताच धाडकन आवाज येतो आणि गिअरही उशिरा पडतात. मालक म्हणतो गिअरबॉक्स बिघडला. खरं म्हणजे गिअरबॉक्स मिळालेल्या बातमीप्रमाणे बिनचूक वागत असतो. यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून कमी-जास्त करता येणारे मॉड्युलेटर मिळतात. आणि आतला पडदा फाटला तर? इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचंच तेल ओढू लागतं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. असा धूर पाहून इंजिन खोलायला घेण्याआधी ती नळी उपसून तिच्यात तेल आहे का, एवढं बघितलं तर मोठा खर्च वाचतो.

गाडी कारखान्यातून निघते तेव्हा गिअर अलगद पडावा अशीच तिची रचना असते. त्यासाठी वाहिनीत ॲक्युम्युलेटर असतात. स्प्रिंगवर टेकलेले हे छोटे पिस्टन क्लच लागताना थोडं तेल स्वतःकडे घेतात आणि दाब एकदम न चढता हळूहळू चढतो. त्या क्षणभरात प्लेटा मुद्दाम थोड्या घसरू दिल्या जातात. चार माणसांच्या कुटुंबाला बाजारात नेणाऱ्या गाडीसाठी हे उत्तम. पाव मैलाच्या पट्टीवर धावणाऱ्या गाडीसाठी मात्र प्रत्येक घसरण म्हणजे गेलेला वेळ आणि झिजलेली प्लेट.

इथून कॅलिफोर्नियातल्या कारागिरांची परंपरा सुरू होते. १९५३ मध्ये सुरू झालेल्या ‘बी अँड एम’ने हायड्रामॅटिकच्या अंतरंगात बदल करून तो ड्रॅग रेसिंगसाठी तयार केला आणि ऑटोमॅटिक म्हणजे मऊ गाड्यांचं लक्षण, हा समज मोडून काढला. पुढे गिल यंगर यांच्या ‘ट्रान्सगो’ने ‘शिफ्ट किट’ हे नाव रूढ केलं. एका पाकिटात काही स्प्रिंगा, एक-दोन व्हॉल्व्ह, छिद्रं मोठी करायला ड्रिल बिट आणि सूचनांचा कागद. व्हॉल्व्ह बॉडीच्या दोन भागांत पातळ पत्रा असतो आणि त्यातल्या छिद्रांवर तेल किती झपाट्याने क्लचपर्यंत पोचणार हे अवलंबून असतं. त्यातली ठरावीक छिद्रं किंचित मोठी करायची, रेग्युलेटरची स्प्रिंग बदलायची, ॲक्युम्युलेटर कडक करायचा. मिलिमीटरच्या अंशाइतकं छिद्र वाढलं की गिअर पडण्याची जात बदलते. चांगल्या शिफ्ट किटचं मोल अतिरिक्त दाबात कमी आणि तो दाब योग्य वेळी, योग्य वेगाने पोचवण्यात अधिक आहे. हे ओळखणारा कारागीर आणि नुसती कडक स्प्रिंग घालणारा कारागीर यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

जाणते कारागीर दाबाला हात घालण्याआधी क्षेत्रफळाकडे बघतात, कारण जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. ७००आर४ मध्ये दुसऱ्या गिअरचा पट्टा आवळणारा सर्व्हो पिस्टन कॉर्व्हेटच्या गाड्यांत मोठ्या व्यासाचा येत असे. साध्या गिअरबॉक्समधला काढून तो ‘कॉर्व्हेट सर्व्हो’ बसवला की लाइन प्रेशर न वाढवता पट्टा जास्त जोराने आवळतो. भाग छोटा, खर्च माफक, पंपावर काडीचाही जादा ताण नाही. टर्बो ४०० मध्ये तर निर्मात्यांनीच जादा क्षेत्रफळ देऊन ठेवलं आहे. तिसऱ्या गिअरच्या क्लचच्या पिस्टनमागे दोन कप्पे असतात. तिसऱ्या गिअरमध्ये एकाच कप्प्यात तेल जातं. रिव्हर्समध्ये त्या क्लचवर फार भार येतो म्हणून दुसराही भरतो. रेसिंगवाले मधलं सील काढून तिसऱ्या गिअरमध्येही दोन्ही कप्पे भरू देतात. याला ते ‘ड्युअल फीड’ म्हणतात.

पकडीच्या हिशेबात तिसरा घटक उरतो तो घर्षणाचा. ऑटोमॅटिकच्या तेलात घर्षण अलगद करणारी द्रव्यं घातलेली असतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत हे काम स्पर्म व्हेलच्या तेलाकडून करून घेतलं जाई. देवमासे संपत चालल्याने त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. बंदी आली हे फार बरं झालं. गिअर मऊ पडावा म्हणून समुद्रातले एवढे जीव मारण्याचं समर्थन कुठल्याही हिशेबाने होत नाही. फोर्डच्या जुन्या ‘टाइप एफ’ तेलात मात्र अशी द्रव्यं नसत. प्लेटा पटकन धरतात म्हणून कित्येक रेसिंगवाले जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्येही हे फोर्डचं तेल ओतत आले आहेत.

नव्वदच्या दशकात केबल आणि पोकळीच्या नळ्या गेल्या, संगणक आला. जनरल मोटर्सचा ‘४एल८०ई’ १९९१ मध्ये आणि ७००आर४ चा वारसदार ‘४एल६०ई’ १९९३ मध्ये रस्त्यावर आला. यांत लाइन प्रेशर ठरवतो विजेवर चालणारा सोलेनॉइड आणि त्याला किती प्रवाह द्यायचा हे संगणक सांगतो. यातली खुबी दाद देण्यासारखी आहे. ४एल६०ई मध्ये प्रवाह साधारण १.१ अँपिअर असताना दाब सर्वांत कमी असतो आणि प्रवाह शून्य झाला की सर्वांत जास्त. म्हणजे तार तुटली, कनेक्टर निखळला, संगणक बंद पडला, तरी गिअरबॉक्स पूर्ण दाबावर जातो. गिअर धाडधाड पडतील, पण क्लच जळणार नाही आणि चालक घरी पोचेल. सैल केबलवर होरपळलेल्या ७००आर४ ची उलटी बाजू इथे दिसते: तिथे केबल सैल राहणं म्हणजे दाब कमी, इथे बातमी न पोचणं म्हणजे दाब पूर्ण. शिवाय गिअर पडायला किती वेळ लागला हे संगणक मोजत राहतो आणि प्लेटा झिजतील तसा दाब वाढवत नेतो.

२०१८ च्या ‘डॉज चॅलेंजर डीमन’ने तेलाच्या या खेळाचं टोक गाठलं. ८४० अश्वशक्ती, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि सर्वसामान्य ग्राहकाला विकलेल्या गाडीत पहिल्यांदाच कारखान्यातून आलेला ट्रान्सब्रेक. ड्रॅग रेसिंगमध्ये ही युक्ती जुनी आहे. शेव्हर्लेच्या दोन गिअरच्या ‘पॉवरग्लाइड’मध्ये ती अजूनही वापरतात. पॉवरग्लाइड हा १९५० सालचा. पण वजनाला हलका, फिरवायला कमी ताकद लागणारा, म्हणून पट्टीवर त्याचा मान टिकून आहे. पहिला गिअर आणि रिव्हर्स यांचे क्लच एकदम लावले की दोघांच्या खेचाखेचीत गाडी जागच्या जागी अडकते. इंजिन कन्व्हर्टरवर जोर धरून उभं राहतं. हिरवा दिवा लागताच चालक बटण सोडतो, रिव्हर्सचं तेल क्षणात बाहेर पडतं आणि गाडी सुटते. इथे दाब चढवण्याइतकंच तो झटकन सोडून देणं महत्त्वाचं. तेल निघायला वाट अरुंद असेल तर सुरुवातीचा सगळा फायदा तिथेच संपतो. डीमनने पाव मैल ९.६५ सेकंदांत कापला.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना तेलाच्या दाबाचा हा हिशेब लागू होत नाही. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून लोकप्रिय झालेल्या एएमटीमध्ये क्लच साध्या गाडीसारखाच कोरडा असतो आणि त्याची पकड स्प्रिंगची असते. डिझेल क्रेटा, थार, इनोव्हा क्रिस्टा यांतल्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये मात्र हाच तेलाचा दाब काम करतो. म्हणून अशा गाडीत कंपनीने सांगितलेलं तेलच घालावं. लाल रंग सारखा दिसतो म्हणून दुसरं चालत नाही.

दाब ओळखायला कान आणि नाक पुरत नाहीत, गेज लागतो. जुन्या अमेरिकी गिअरबॉक्सच्या अंगावर यासाठीच एक छोटा बूच असतो. तो काढून ३०० पीएसआयचा गेज जोडायचा, नळी एक्झॉस्टला चिकटणार नाही अशी वर घ्यायची, चाकांना उटी लावायची आणि तेल गरम झाल्यावर पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, रिव्हर्स अशा प्रत्येक जागी आकडा टिपायचा. पाय ब्रेकवर घट्ट ठेवून पेडल पूर्ण दाबायचं तर पाच सेकंदांहून जास्त नाही, कारण त्या वेळी कन्व्हर्टरमधलं तेल भराभर तापतं. सगळीकडेच दाब कमी असेल तर फिल्टर, पंप किंवा तेलाची पातळी बघावी. एकाच गिअरमध्ये पडत असेल तर त्या क्लचचं सील गळतं आहे. उभ्या गाडीत ठीक पण पेडल दाबूनही आकडा हलत नसेल, तर दोष केबलचा किंवा मॉड्युलेटरचा. अशा वेळी गिअरबॉक्स खाली उतरवायची गरजच नसते. इंजिन बंद करून टीव्ही केबलच्या टोकाची धातूची कळ दाबायची, सरकती नळी थ्रॉटलपासून मागे थेट टेकेपर्यंत ढकलायची आणि कळ सोडून हाताने थ्रॉटल पूर्ण उघडायचा. करकर आवाज करत केबल आपली लांबी आपणच ठरवते. होली कार्बोरेटर असेल तर त्याच्या दांड्यावर केबल खेचण्याचं अंतर वेगळं पडतं. ते जुळवणारा जोड आधी बसवावा लागतो, नाहीतर पेडल अर्धं दाबलेलं असताना मिळणारा दाब चुकीचाच राहतो.